सल्ला: वर्गातला प्रश्न, घरातला बाप्तिस्मा आणि मधे उभा कॉन्स्टंटाइन

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई, मी वसईची. नोकरी अंधेरीला आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाली की आमच्या चर्चमध्ये नववीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. वर्गातल्या एका मुलाने मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, टीचर, येशू देव आहे हे, बायबल, रविवार, ख्रिसमस, हे सगळं कॉन्स्टंटाइन राजाने ३२५ साली मीटिंग घेऊन ठरवलं ना, आणि मूळचं सगळं मिथ्रा देवाचं होतं ना? मला काही बोलताच आलं नाही, नंतर बघू म्हटलं. घरी येऊन मी पण ते व्हिडिओ बघत बसले आणि आता मिस्साला लक्षच लागत नाही. पप्पांना विचारलं तर म्हणाले असलं विचारायचं नसतं. त्यात घरात दुसरंच चालू आहे. वहिनी हल्ली वेगळ्या चर्चला जाते, ती म्हणते बाळाला आत्ता बाप्तिस्मा द्यायचा नाही, मोठा झाला की तो स्वतः घेईल आणि तोही पाण्यात पूर्ण बुडूनच, डोक्यावर ओतलेला चालत नाही. दादा मधल्यामधे. आई रडते आणि म्हणते एक दिवस मीच बाळाला गुपचूप नेऊन उरकून येते. खरं काय आहे ते सांगा ना. — गोंधळलेली टीचर

अगं टीचर, आधी वर्गाचं घेऊ कारण रविवार जवळ आलाय, बाळाकडे मग येते. मी ख्रिश्चन नाही, नोकरीभर इतिहास शिकवला, त्यामुळे श्रद्धा ठेव की सोड हे मी सांगणार नाही, तो माझा प्रांतच नाही. पण कुठली गोष्ट साधारण कधी आली एवढं सांगू शकते, आणि मला वाटतं तुझा निम्मा गोंधळ तारखांचाच आहे.

गंमत बघ, व्हिडिओवाले आणि तुझे पप्पा दोघांच्या डोक्यात एकच चित्र आहे. खरा धर्म म्हणजे पहिल्या दिवशी तयार होऊन आलेला, आणि एखादी गोष्ट नंतर आली असं निघालं की सगळंच खोटं. व्हिडिओवाले त्यावर खूश होतात, पप्पा घाबरून गप्प बसवतात. प्रत्यक्षात ते तसं झालंच नाही. तीनचारशे वर्षं माणसं एकत्र जेवत होती, भांडत होती, एकमेकांना लांबलचक पत्रं लिहीत होती, आणि त्यातून जे टिकलं ते आज तू रविवारी बघतेस.

आता ३२५ ची मीटिंग. ती झाली, नायसियाला, आजच्या तुर्कस्तानात, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननेच बोलावली हेही खरं. पण तिथे वाद काय होता तर अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी एक वेळ होती, आणि बाकीचे म्हणत होते असं कसं, तो पित्याच्याच तत्त्वाचा. म्हणजे येशूला देव मानायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, एरियसही त्याला साधा माणूस म्हणत नव्हता, भांडण होतं ते कुठल्या अर्थाने देव यावर. दुसरा विषय ईस्टरची तारीख. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हा विषय तिथे नव्हताच, हे मुलांना ठासून सांग, कारण व्हिडिओत हीच थाप सगळ्यात जास्त चालते. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्यावरची पुस्तकं, चार आणि चारच, असं लिओंचा बिशप आयरेनियस साधारण १८० सालीच लिहून बसलाय, आणि नव्या कराराची बरोब्बर आजची २७ पुस्तकांची यादी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या ईस्टरच्या पत्रात. एक राजाच्या कितीतरी आधी, एक राजा गेल्यावर तीस वर्षांनी.

बरं मग नायसियाच्या आधी लोक येशूला काय मानत होते? इथे मी नेहमी विरोधकाची साक्ष काढते कारण तिला मुलं नाही म्हणू शकत नाहीत. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर काळ्या समुद्राच्या काठच्या प्रांतात होता, त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं की हे ख्रिश्चन लोक पकडलेत, यांचं काय करू. त्यात तो सांगतो की हे एका ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी करणार नाही व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर परत जमून जेवतात, जेवणही साधंच. ही माहिती पक्की करायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, मंडळीत त्यांना सेविका म्हणायचे. या बायकांची नावं कुठेच नाहीत. मला हे पत्र दरवेळी वाचताना त्या दोघींपाशी थांबायला होतं, म्हणजे देव कोणी कधी ठरवला यावर आपण कमेंटमध्ये भांडतोय आणि नायसियाच्या दोनशे वर्षं आधी या दोघी त्याच कारणाने तिथे अडकल्या होत्या. असो.

कॉन्स्टंटाइनने काहीच केलं नाही असं मात्र सांगू नकोस, मुलं हुशार असतात. ३१३ मध्ये छळ थांबला आणि मोकळेपणा मिळाला, चर्चच्या मोठ्या इमारती त्याच्या पैशाने उभ्या राहिल्या, ३२१ मध्ये त्याने रविवारची सुट्टी सुरू केली (शेतकऱ्यांना सोडून, त्यांना नांगरायची मुभा होती). पण रविवारी जमायची पद्धत त्याची नाही, आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवा असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिश्चनांना ५० च्या दशकातच पत्रातून सांगतोय. आणि ख्रिश्चन धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला तो ३८० मध्ये थिओडोसियसच्या हुकमाने, तोवर कॉन्स्टंटाइनला जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती.

मिथ्राचं काय? रोमन मिथ्राची जी शिल्पं सापडलीत त्यात तो खडकातून जन्मतो, कुमारीच्या पोटी नाही. त्याचा वाढदिवस २५ डिसेंबर असल्याचा प्राचीन पुरावा नाही. सूर्यदेवाचा मात्र आहे. रोममधलं ३५४ सालचं एक कॅलेंडर आहे, त्याच्या एका भागात २५ डिसेंबरला अजिंक्य सूर्याचा जन्मदिवस आणि रथांच्या शर्यती आहेत, आणि दुसऱ्या भागात त्याच तारखेला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला असं आहे. आता कोणी कोणाचं उचललं? काही अभ्यासक म्हणतात सूर्याच्या सणावर आपला सण बसवला, काही म्हणतात आधी २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस हिशोबाने काढला आणि त्याला नऊ महिने मिळवले. येशूचा खरा वाढदिवस कोणालाच माहीत नव्हता हे मात्र दोघांनाही मान्य आहे, २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट लोकांचे अंदाज नोंदवतो त्यात एप्रिल आहे, मे आहे, २५ डिसेंबर नाहीच. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला साजरा करतं. तेव्हा ख्रिसमसच्या तारखेबाबत त्या पोराचं थोडंफार बरोबर आहे आणि ते वर्गात मोकळेपणाने मान्य कर, त्याने तुझं काही कमी होत नाही.

आणि उसनवारी शोधायचीच असेल ना, तर मिथ्रापर्यंत जायलाच नको, ती शेजारच्या सिनेगॉगमध्ये (यहुद्यांच्या प्रार्थनाघरात) आहे आणि कोणी लपवलेलीही नाही. येशू यहुदी, बारा प्रेषित यहुदी, स्तोत्रं यहुदी, भाकर आणि प्याला हातात घेऊन आभार मानायची रीत यहुदी, ईस्टर तर वल्हांडणाच्या सणावरच उभा आहे. यहुदी नसलेल्यांनी सुंता करायची की नाही यावर पहिलं मोठं भांडण झालं, ४९-५० च्या सुमारास यरुशलेममध्ये बैठक बसली आणि नको असं ठरलं, तरी अंत्युखिया शहरात त्या बारांतलाच पेत्र परक्यांच्या पंक्तीतून उठून बाजूला झाला आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. हे पौल स्वतःच गलतीकरांच्या पत्रात लिहितो. तुझ्या बायबलमध्येच आहे हे, व्हिडिओ बघायची गरजच नाही.

करिंथचं पत्र तर वर्गात वाचूनच दाखव (पहिलं पत्र, अकरावा अध्याय). तेव्हा आजच्यासारखी कम्युनियनची (पवित्र भाकर घ्यायची) रांग नव्हती, खरंखुरं जेवण असायचं, कोणा श्रीमंताच्या घरात. आणि काय व्हायचं, आपल्याकडे गावजेवणाला मानकऱ्यांची पंगत आधी उठते आणि राबणाऱ्यांच्या वाट्याला तळाचं येतं तसंच अगदी, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. पौल भडकतो, म्हणतो खायचंच असेल तर तुम्हाला घरं नाहीत का, आणि मग त्या भांडणाच्या भरात सांगतो की प्रभू येशूला ज्या रात्री धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली वगैरे. आज मिस्सामध्ये फादर जे सगळ्यात पवित्र शब्द म्हणतात त्यांची आपल्याकडची सगळ्यात जुनी लेखी नोंद ही अशी, जेवणावरच्या कटकटीच्या पत्रात. मला तरी हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा भारी वाटतं.

मग दिदाखे. हे छोटंसं पुस्तक पहिल्या शतकाच्या शेवटचं नाहीतर दुसऱ्याच्या सुरुवातीचं असावं, शतकानुशतकं हरवलेलं होतं, १८७३ मध्ये ब्रायेनियोस नावाच्या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टंटिनोपलमध्ये एका जुन्या हस्तलिखितात सापडलं. सूचनांची वही म्हण ना. ढोंगी लोक सोमवारी-गुरुवारी उपवास करतात तर तुम्ही बुधवारी-शुक्रवारी करा (कारण एवढंच!), हे आमच्या स्वर्गातील पित्या दिवसातून तीनदा म्हणा, फिरता संदेष्टा आला तर एक दिवस ठेवून घ्या, लागलंच तर दोन, तिसऱ्या दिवशीही हलत नसेल तर खोटा समजा, पैसे मागितले तरी खोटा. नववीच्या मुलांना हे फार आवडेल बघ. प्रभुभोजनाची प्रार्थनाही आहे त्यात, पण आधी प्याला मग भाकर, आणि हे माझं शरीर वगैरे शब्द त्यात नाहीतच. म्हणजे त्या काळी सगळ्या गावांत एकच साचा नव्हता.

साधारण १५५ साली जस्टिन नावाचा ख्रिश्चन लेखक रोममध्ये सम्राटाला उद्देशून लिहितो तेव्हा मात्र तुला घरच्यासारखं वाटेल. रविवारी सगळे एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तितकं वाचतात, प्रमुख माणूस उपदेश करतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस आणतात, तो आभार मानतो, लोक आमेन म्हणतात, आले नाहीत त्यांच्याकडे डीकन (मंडळीचे सेवक) घेऊन जातात, आणि जमलेले पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी जातात. हाच जस्टिन तक्रार करतो की मिथ्रावाले पण भाकर आणि पाण्याचा पेला ठेवतात, भुतांनी आमची नक्कल केलीय! म्हणजे तुझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न दुसऱ्या शतकातच निघाला होता, फक्त बोट उलट्या दिशेला होतं. भुतांचं मला काही पटत नाही, त्या काळच्या शहरांत एकत्र बसून खाणं हे बहुतेक सगळ्याच मंडळ्यांमध्ये चालायचं, इतकंच.

राजा येण्याआधीचं चर्च बघायचं असेल तर सीरियात दुरा युरोपस नावाच्या गावात सापडलंय. साधंच राहतं घर, २४० च्या आसपास एक भिंत पाडून जमायची खोली मोठी केलेली आणि दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याची टाकी, भिंतीवर चांगला मेंढपाळ आणि पाण्यावर चालणारा येशू. पुढे शत्रूचा वेढा पडणार म्हणून तटाला लागून मातीचा भराव घातला, त्यात हे घर गाडलं गेलं म्हणून वाचलं. त्याच गावात सिनेगॉग होतं, मिथ्राचं देऊळही होतं. फोटो नेटवर आहेत, मुलांना दाखव.

आता बाळ.

वहिनीचं म्हणणं आणि आईचं म्हणणं, दोन्ही जुनी आहेत. दिदाखे म्हणतं वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे वाहत्या पाण्याला पहिली पसंती हे वहिनीचं बरोबर, पण ओतलेलं चालतच नाही हे नाही, इतक्या जुन्या वहीत ते लिहिलेलं आहे. लहान मुलांचं विचारशील तर २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिश्चन लेखक टर्टुलियन म्हणतो घाई कशाला, मुलं मोठी होऊ देत, कळू दे. अगदी वहिनीच बोलतेय असं वाटतं. पण तो नको म्हणतोय याचाच अर्थ लोक तेव्हा लहान मुलांना देत होते. आणि पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये तिथला बिशप सिप्रियन आणि ६६ बिशपांची बैठक म्हणते की आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबायचं कारण नाही. अगदी तुझी आई!

आणि आईला संत मोनिकाची आठवण कर. तिच्यासारखी श्रद्धाळू आई दुसरी नाही म्हणतात, पण तिने आपल्या मुलाला, पुढे संत झालेल्या ऑगस्टिनला, तान्हेपणी बाप्तिस्मा दिलाच नव्हता, तेव्हा बऱ्याच घरांत लांबवायचे. तो लहानपणी एकदा मरणाच्या दारात होता तेव्हा तयारी झाली, मग बरा झाला तशी परत पुढे ढकलली, आणि शेवटी ३८७ मध्ये मिलानला संत अँब्रोजच्या हातून झाला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. कॉन्स्टंटाइननेही ३३७ मध्ये मरणाच्या बिछान्यावर घेतला, आयुष्यभराची पापं एकदम धुवून निघावीत असा हिशोब तेव्हा बरेच जण करायचे. आईला हे वाद घालायला सांगू नकोस हां, तिचं मन थोडं निवावं म्हणून सांग, की थांबलेलं बाळ म्हणजे हातचं गेलेलं बाळ नव्हे.

गुपचूप प्रकार मात्र आजच्या आज बंद. एक तर कॅथलिक चर्चचाच नियम आहे की आईबापांपैकी निदान एकाची तरी संमती हवी, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, त्यामुळे आजीने परस्पर नेलं तर फादरच परत पाठवतील. आणि समज पाठवलं नाही किंवा आईने घरीच नळाखाली उरकलं, तर वहिनीला कळणार, वसईत काय लपतं गं, आणि मग ते बाळ पुढची वीस वर्षं भांडणाचं कारण होऊन बसेल. निर्णय दादा आणि वहिनीचा आहे. दादाला मधल्यामधे राहणं बंद करायला सांग, त्याला स्वतःला काय हवंय हे त्याने बायकोशी नीट बसून बोलायला हवं, आईच्या रडण्याआड लपून नाही. आणि तू दोन्हीकडे निरोप नेणं सोड. वरच्या तारखाही वहिनीच्या तोंडावर फेकायच्या नाहीत, इतिहासाने फक्त एवढं कळतं की दोन्ही बाजू ख्रिश्चनच होत्या, बाळाचं काय करायचं ते त्यातून निघत नाही.

दोन बाजू एका टेबलावर कशा बसतात याचा एक किस्सा आहे. आशिया नावाच्या रोमन प्रांतातले (आजचं पश्चिम तुर्कस्तान) ख्रिश्चन ईस्टर यहुदी महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळायचे, मग वार कुठलाही असो, आणि रोमवाले रविवारीच. १५५ च्या आसपास त्या प्रांतातल्या स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला आला, बिशप अनिसेटसशी बोलला, कोणीच कोणाला पटवू शकलं नाही. तरीही अनिसेटसने मानाने त्याला प्रभुभोजन चालवायला दिलं आणि दोघं शांततेने निरोप घेऊन गेले. पुढे १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याच कारणावरून आशियावाल्यांना बाहेर काढायला निघाला तेव्हा आयरेनियसने त्याला हीच गोष्ट लिहून झापलं. घरात कोणी अनिसेटस व्हायचं ते तुम्ही ठरवा, व्हिक्टर होणं सोपं असतं.

राहिलं तुझं मिस्साला लक्ष न लागणं. यावर माझ्याकडे औषध नाही, पण रात्री व्हिडिओ बघत बसणं थांबव, त्याने काही कळत नाही, नुसती धडधड वाढते. तुमच्या फादरना सरळ जाऊन विचार, सेमिनरीत त्यांना चर्चचा इतिहास शिकवतात, एरियस, टर्टुलियन, दिदाखे सगळं अभ्यासाला असतं, मुद्दाम कोणी विचारत नाही म्हणून ते बोलत नाहीत. पप्पांवर चिडू नकोस, त्यांच्या पिढीला प्रश्न विचारायला कोणी शिकवलंच नाही.

आणि या रविवारी असं कर. जस्टिनच्या पहिल्या समर्थनपत्राचा सदुसष्टावा अध्याय नेटवर मिळतो, पानभराचाच आहे, इंग्रजीत आहे पण तू मराठीत उतरवू शकशील. त्याच्या प्रती काढून ने आणि त्या पोरालाच उभा राहून वाचायला सांग, बाकीच्यांनी आजच्या मिस्साशी काय जुळतं काय नाही त्यावर खुणा करायच्या. ख्रिसमसच्या तारखेचा विषय आधी तूच काढ, त्याने काढायची वाट बघू नकोस. आणि एखादं उत्तर आलं नाही तर नंतर बघू म्हणून सोडून देऊ नकोस, प्रश्न फळ्यावर लिहून ठेव आणि पुढच्या वर्गाला फादरनाच बोलाव.

— ताई

(दादा-वहिनीचं बोलणं झालं की कळव. आईचं पण.)